खप, माया आणि फाडलेली पानं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘ब्रिटिश फॅशन मासिकं उच्चभ्रू बायकांसाठी होती’ हे पहिलंच वाक्य खोड. चित्रात रेशमी झगा आहे म्हणून अंक घेणारीच्या कपाटातही तो होता, असं होत नाही. वाचणारी कोण होती ते किंमत, जाहिराती आणि अंकात घडी घालून ठेवलेला कागद सांगतो.

‘लेडीज मॅगझिन’ १७७० साली लंडनमध्ये निघालं, अंकाला सहा पेन्स. त्यात भरतकामाचा नमुना यायचा. बायका तो काढून कापडावर उतरवायच्या, त्यामुळे आजच्या बांधीव खंडांत नमुने क्वचितच सापडतात. खंड अपुरा दिसला म्हणून बाजूला ठेवू नकोस. गेलेला कागद वापराची खूण असू शकतो. मात्र तेवढ्यावर विसंबूही नकोस, कारण काही कागद बाइंडरनेही टाकलेत. अॅकरमनच्या ‘रिपॉझिटरी’ या मासिकात (१८०९ पासून) तर खऱ्या कापडाचे तुकडेच चिकटवलेले असत आणि त्यांची माहिती सोबतच्या मजकुरात. ती पानं हळू उलट, तुकड्याला बोट लावू नकोस.

खरा पालट प्रकाशक सॅम्युएल बीटनने केला. ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’ त्याने १८५२ मध्ये काढलं ते दोन पेन्सला, म्हणजे घरात मोलकरीण एखादीच, पण हिशेब स्वतः ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय गृहिणीसाठी. १८६० मध्ये किंमत सहा पेन्स झाली आणि पॅरिसहून आलेली रंगीत फॅशन-चित्रं व कपड्यांचे कागदी नमुने सुरू झाले. आधीच्या किमतीच्या तिप्पट, एवढं लिहिलंस की पुरे.

त्या काळचं नमुन्याचं पत्रक एकदा टेबलावर पूर्ण उलगडून बघ. एकाच कागदावर पाठ, पुढा, बाही सगळं एकावर एक छापलेलं. एकाची रेघ अखंड, दुसऱ्याची तुटक, तिसऱ्याची ठिपक्यांची. खाली दुसरा कागद ठेवून दातेरी चाक फिरवायचं आणि एकेक भाग वेगळा उतरवायचा. माप बहुधा एकच, आणि शिवणासाठी माया, म्हणजे कडेला सोडायचं जादा कापड, धरलेली नसे. ती न सोडता कापलं तर कपडा सगळीकडून आखूड व्हायचा. म्हणजे हा कागद वापरणारीला बेतणी आधीच येत होती, किंवा तिच्याकडे शिवणारी होती. वाचकाबद्दल याहून बोलका पुरावा मला तरी माहीत नाही.

आता सगळे हमखास चुकतात ती गोष्ट. वर्षाचे अंक बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं सर्रास काढून टाकत. जाहिरातींना बरेचदा वेगळे पृष्ठांक असत किंवा नसतच, त्यामुळे ती गेली तरी उरलेले आकडे सलग दिसतात आणि काही गळलंय अशी शंकाही येत नाही. सुटे, न बांधलेले अंक मिळाले तर आधी ते घे. रंगीत फॅशन-चित्रंही बरीच फाडून चौकटीत गेली आहेत. शिवणीपाशी कापलेल्या पानाची चिंधी दिसते का, ते बघ.

विसाव्या शतकात घोळ वेगळाच होतो: खप म्हणजे वाचक, असं धरलं जातं. ब्रिटिश ‘व्होग’ १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात, सुरू झालं. दुसऱ्या युद्धात कागदाचं रेशनिंग होतं, त्यामुळे हवे तेवढे अंक छापताच येत नव्हते, आणि एकेक अंक हातोहात फिरे. त्या वर्षांचा खप मागणी सांगत नाही, कागद सांगतो. १ जून १९४१ पासून कपड्यांवरही कूपनं आली, पहिल्या वर्षी माणशी ६६. लोकरी झग्याला ११, स्टॉकिंग्जना २. हे माहीत नसेल तर त्या वेळच्या ‘जुनं नीट वापरा’ धाटणीच्या लेखांना तू काटकसरीचा उपदेश समजशील.

‘वुमन’ (१९३७) हे ग्रॅव्ह्युअर पद्धतीने (कोरलेल्या सिलिंडरवरून) रंगीत छापलेलं स्वस्त साप्ताहिक. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा खप तीस लाखांच्या वर होता. त्यापुढे ‘व्होग’चा आकडा किरकोळ वाटतो, तरी पुस्तकं लिहिली जातात ती ‘व्होग’वर! खपाचे आकडे एबीसीचे, म्हणजे खप तपासणाऱ्या संस्थेचे (१९३१ पासून) घे. १९५६ पासून नॅशनल रीडरशिप सर्व्हेचेही मिळतील, पण तिथे मोजणी वाचणाऱ्यांची, दवाखान्यात बसून अंक चाळणारेसुद्धा धरून. त्यातले ए, बी, सी-वन हे वाचकांचे सामाजिक वर्ग घरातल्या मुख्य कमावत्याच्या कामावरून ठरत. बाईच्या स्वतःच्या पगाराशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. एका तक्त्यात खपाचे आणि वाचकांचे आकडे कधीच एकत्र घालू नकोस.

‘आय-डी’ या फॅशन मासिकावर एक परिच्छेद पुरे. ते काढणारा टेरी जोन्स ‘व्होग’चं कलादिग्दर्शन सोडून आला होता, १९८० चा पहिला अंक स्टेपल मारलेला. रस्त्यावरची माणसं भिंतीपुढे उभी, आणि अंगावरचं काय कुठून घेतलं ते सोबत. इथे वाचकच चित्रात आला.

ग्रंथालयात अंक मागवताना चिठ्ठीवर ‘सुट्या पुरवण्या’ असं वेगळं लिही. नमुन्यांची पत्रकं कधीकधी दुसऱ्याच पेटीत असतात. आणि पेन्सिल ने, दुर्मीळ अंकांच्या दालनात शाईचं पेन चालत नाही.

तुझी,
आई