पुस्तक परत द्या, गेट उघडा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी पुण्यात एका मुलींच्या वसतिगृहात राहून शिकते. गेल्या मंगळवारी रात्रीच्या हजेरीला रेक्टर मॅडमनी माझ्या कॉटवरचं पुस्तक उचललं, मागचं कव्हर वाचलं आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. “असलं वाचून मुली बिघडतात,” म्हणाल्या. पुस्तक म्हणजे मार्गारेट ॲटवूड यांची 1985 सालची कादंबरी, ‘द हँडमेड्स टेल’. त्यातल्या राज्यात बायकांना वाचायला बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं नाहीत, नुसती चित्रं.

दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन गेला. रविवारी आम्ही सात-आठ जणी गच्चीवर बसून या पुस्तकावर बोलायचो, तेही बंद झालं. वडील इंदापूरकडे ऊस करतात. मी काय वाचते हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. आता म्हणतात, परीक्षा झाली की सामान घेऊन ये, पुढचं बघू. पुढचं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. माझ्या ताईचं झालंय. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. बावीस वर्षं ज्या नावाला ती ओ देत होती, त्या नावानं सासरी तिला कुणी हाक मारत नाही. कादंबरीतल्या बाईला ‘ऑफ्रेड’ म्हणतात, म्हणजे फ्रेडची. ते वाचलं तेव्हा मला ते ताट दिसलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. माणसांनी कुठं ना कुठं प्रत्यक्ष केलेलं नाही असं काहीही या गोष्टीत घालायचं नाही, असा ॲटवूडबाईंनी नियमच केला होता.

तुमच्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला शब्द दिला होता, मुलींची अभ्यासिका रात्री 11 पर्यंत उघडी राहील. आजही साडेसातला गेटला कुलूप लागतं. समोर मुलांचं वसतिगृह आहे, तिथं मुलं रात्री बाराला चहा पिऊन येतात. आमच्या रजिस्टरमध्ये ‘बाहेर जाण्याचे कारण’ असा रकाना आहे. ‘ग्रंथालय’ लिहिलं की विचारतात, कुणाबरोबर? सुरक्षेसाठी, म्हणे. मग रस्त्यावर दिवे लावा, पोलीस उभे करा. कोंडायचं आम्हालाच का?

आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारनं 2024 मध्ये माफ केली. मलाही ती माफी मिळाली, मी ते विसरणार नाही. पण फी भरून आणलेल्या मुलीला संध्याकाळी कुलपात घालायचं, तर तिनं शिकायचं कधी?

सरकारी कार्यक्रमांत सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतात. 1848 साली भिडेवाड्यात शाळा निघाली, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण टाकणारे याच पेठांतले होते आणि मुली शिकल्या की बिघडतात, हेच म्हणत होते. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्ये याच पुण्यात छापली गेली. बायकांना ठेवलेले सगळे दोष पुरुषांत नाहीत काय, असं त्यांनी तेव्हाच रोखठोक विचारलं होतं. मला अजून रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं.

अभ्यासिका 11 पर्यंत उघडा, ते लेखी द्या. माझ्या वडिलांना तुमच्या खात्यातून कुणीतरी फोन करून सांगा, की तुमच्या मुलीनं काही चुकीचं केलेलं नाही. आणि पुस्तक परत द्या. ते ग्रंथालयाचं आहे, परतीची तारीख शनिवारी उलटली. दंड मी भरेन. खुणेला आत पीएमपीचं तिकीट ठेवलंय, शेवटची चाळीस पानं राहिली आहेत.

आपली,
पुण्यात शिकणारी एक विद्यार्थिनी