पट्ट्यांच्या पलंगावर कोणती गादी घ्यावी

चि. अमृतास,
अनेक आशीर्वाद.

तुमचा पलंग इथे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटवर पोचला आणि मी तो जोडूनही ठेवला. लाकूड बरं आहे, सांधे घट्ट बसलेत, कुरकुर नाही. फोनवर तू म्हणालीस की सेल लागलाय, आजच गादी मागवून टाकते. ती मागवू नकोस, चार दिवस थांब. पलंगाची मापं मी घेतली आहेत आणि ती पाहिल्याशिवाय गादी ठरवणं बरोबर होणार नाही. फोनवर इंच-सुताच्या गोष्टी ऐकून लक्षात राहत नाहीत, शिवाय हा कागद दुकानात हातात धरता येईल, म्हणून सगळं लिहूनच काढतोय. समोरच्या बिल्डिंगमधले काका उद्या पुण्याला निघालेत, त्यांच्याजवळ देतो.

पलंग आतून ७८ इंच लांब आणि ६० इंच रुंद आहे, म्हणजे दुकानदार ज्याला क्वीन साइज म्हणतात तो. त्यावर आडव्या पट्ट्या दहा आहेत, प्रत्येक ३ इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. दहा पट्ट्यांनी ३० इंच अडवले, उरले ४८. ते नऊ गाळ्यांत वाटले गेले, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये सव्वापाच इंचांहून थोडी जास्तच मोकळी जागा राहिली. माझा हात आडवा घातला तर आरामात आरपार जातो. फोम किंवा लॅटेक्सच्या गादीला हा गाळा ३ इंचांच्या आत पाहिजे, अडीच असला तर उत्तमच. तुझ्या पलंगात तो जवळजवळ दुप्पट आहे.

त्याने काय होतं ते सांगतो. फोमला स्वतःचा कणा नसतो. खाली जिथे आधार आहे तिथे तो टिकतो, जिथे नाही तिथे अंगाच्या वजनाने हळूहळू खाली उतरतो. पहिले काही महिने कळत नाही. मग गादीच्या पोटाला पट्ट्यांचे वळ उठतात, कंबरेखाली खोलगट होतं आणि सकाळी उठताना पाठ धरते. गादी वाईट निघाली म्हणून आपण कंपनीला नावं ठेवतो. कंपनीचा माणूस येतो, आधी पलंगाचा गाळा मोजतो आणि वॉरंटी लागू नाही म्हणून सांगून जातो. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटी कार्डावर पट्ट्यांमधलं अंतर किती चालेल हे लिहिलेलं असतं. घेण्याआधी ते कोणी वाचत नाही. तू वाच.

म्हणून गादीच्या आधी पलंग दुरुस्त करायचा, असं माझं ठाम मत आहे. आणखी चार पट्ट्या टाकायच्या. चौदा पट्ट्या झाल्या की ४२ इंच लाकूड आणि ३६ इंच मोकळं, तेरा गाळ्यांत वाटलं तर प्रत्येकी पावणेतीन इंच. काम झालं. माझ्याकडे जुन्या दरवाजाचं सागवान आहे, वर्षानुवर्षं सुकलेलं. त्यातून पट्ट्या काढतो. वखारीतून आत्ता नवं लाकूड आणणार नाही, कारण पावसाळ्यात ते ओल धरून असतं आणि पुढे उन्हाळ्यात आकसून वाकडं होतं. नव्या पट्ट्या रंधून बरोबर जुन्यांच्या जाडीला आणाव्या लागतील. एखादी पट्टी सूतभर जरी वर राहिली तरी सगळा भार तिच्यावर येतो आणि रात्रभर ती पाठीला टोचत राहते. पट्टीच्या मध्यावर लाकडाची गाठ येणार नाही हेही बघतो, पट्टी मोडते ती नेहमी गाठीपाशीच. आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू मारला की टोकाला चीर जात नाही. आणि पट्ट्या स्क्रूने बसवायच्याच. नुसत्या ठेवल्या तर आरू गादीवर उड्या मारायला लागला की त्या सरकणार, आणि एक सरकली की शेजारचा गाळा आपोआप मोठा होणार.

मधला आधार मी तपासला. पाच फूट रुंदीच्या पलंगाला डोक्यापासून पायापर्यंत मधोमध एक तुळई आणि तिला जमिनीपर्यंत पाय पाहिजेच, नाहीतर पट्ट्या मध्ये झोल खातात आणि दोघंही झोपेत मधोमध घरंगळता. तुमच्या पलंगाला तुळई आहे, पण पाय एकच आहे. दुसरा मी लावून देतो.

सागरराव म्हणाले होते की सरळ वर प्लाय टाकू, काम सोपं होईल. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, गादीला आधार मिळेल. आपल्याकडे बॉक्सच्या पलंगांवर प्लायच असतो, मीच असे कितीतरी पलंग केलेत. पण मग पट्ट्यांचा पलंग घेतला कशाला? पट्ट्यांचा सगळा फायदा खालून वारा खेळण्यात आहे. माणसाच्या अंगातून रात्रभर घाम आणि वाफ निघते, ती गादीत उतरते. वरून आपण चादर टाकून झाकलेलं असतं, तेव्हा तिला बाहेर पडायला खालची बाजूच उरते. पुण्यात कदाचित निभावलं असतं. इथला पाऊस तुला माहीत आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या सुरू होतात, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चाललेली असते, त्या दिवसांत दोरीवरचं धडुतं दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा हवेत प्लायवर दाबून बसलेल्या गादीचं पोट दमट राहतं, तिथे काळे ठिपके येतात, वास धरतो. आरूला सर्दी-खोकला लगेच होतो, त्याला बुरशीच्या जवळ झोपवायचं नाही. अगदीच प्लाय टाकायची वेळ आली तर त्याला वीतभर अंतरावर इंचा-इंचाची भोकं पाडून घ्यावीत. पण चार पट्ट्या टाकणं स्वस्तही आहे आणि चांगलंही.

याच कारणासाठी पलंगाखाली बोचकी आणि सूटकेसा कोंबू नका. पट्ट्यांखालची जागा भरून टाकली की वारा अडला.

आता गादी. आजीची कापसाची गादी आई तुला देणार म्हणत होती, पण ती या पलंगासाठी नको. कापूस पट्ट्यांच्या मध्ये उतरतो आणि गोळे होतात. ती गादी जमिनीवर किंवा सपाट फळीवर टाकण्यासाठीच भरलेली असते. पाहुण्यांसाठी घेऊन जा, पिंजून पुन्हा भरून घेतली की अजून खूप वर्षं जाईल.

काथ्याची गादी स्वस्त पडते आणि कडक असते, म्हणून आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आवडते. नारळाच्या सोडणाचा काथ्या रबराच्या चिकात बसवून ती करतात. हवा खेळती राहते, आपल्या हवामानाला त्या बाबतीत चांगली. पण नेमकं कंबरेखाली वजन येतं तिथला काथ्या काही वर्षांत तुटून भुगा होतो आणि तिथे बसलेला खड्डा परत वर येत नाही. शिवाय तू पहिल्यापासून कुशीवर झोपतेस. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुब्याचं हाड थोडं आत जायला जागा लागते, काथ्या ती देत नाही. आईच्या कंबरेच्या दुखण्यात मीही कडक गादीच्याच बाजूचा होतो, तेव्हा डॉक्टरांनी एक अभ्यास सांगितला होता. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर तो केला होता आणि २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. त्यामुळे 'पाठीला फळीच चांगली' हे कोणी सांगितलं तरी तू मनावर घेऊ नकोस.

सागररावांना मेमरी फोम हवा आहे. हा फोम १९६६ साली नासाच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी निघाला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार धरतो. पण ऊब धरून ठेवणं हा त्याचा स्वभावच आहे. एप्रिल-मे मध्ये इथे पंख्याखाली तो गरम होईल. वरचा इंचभर थर मेमरी फोमचा असला तर चालेल, पण आख्खी गादी त्याची घेऊ नये असं मला वाटतं. त्यांना माझ्या नावाने सांग, रागावणार नाहीत.

स्प्रिंगमध्ये दोन प्रकार मिळतात. जुन्या बॉनेल पद्धतीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत गुंफलेल्या असतात, त्यामुळे थोडा मोठा गाळाही ती गादी सहन करते. पण एकजण कूस बदलला की दुसऱ्याला हादरा बसतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत सुटी असते, हादरा जात नाही. सागरराव रात्रपाळी करून उशिरा येतात, तुझी झोप मोडू नये म्हणून ही चांगली. मात्र या स्प्रिंगा दोन-अडीच इंच व्यासाच्या असतात. सव्वापाच इंचांच्या गाळ्यावर स्प्रिंगांची एखादी ओळच अधांतरी येते आणि तिरकी होऊन रुतते. पट्ट्या वाढवल्यावर ही अडचण राहणार नाही, तरीसुद्धा स्प्रिंगांखाली कडक फोमचा थर आहे ना हे विचारून घे.

लॅटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून होतो. दाबला की लगेच वर येतो, फोमपेक्षा थंड राहतो आणि टिकतो. किंमत जास्त आणि वजनही जास्त. ६ इंचांची आख्खी लॅटेक्सची क्वीन गादी तीस-पस्तीस किलोंच्या घरात जाते, ती रोज उचलून चादर खोचणं तुला जड जाईल. म्हणून माझी निवड अशी आहे: खाली ४ इंच कडक बॉन्डेड किंवा चांगला एचआर, म्हणजे दाबला की लगेच उसळणारा फोम, वर २ इंच लॅटेक्स, एकूण ६ इंच, मध्यम कडक. बॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला थर. तो गाळ्यात उतरत नाही, पट्ट्यांवर त्याचा खरा उपयोग होतो.

फोम घेताना दुकानदार '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असं बोलतील. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो हा आकडा. गादी कडक की मऊ हे त्यावरून कळत नाही, टिकाऊपणाचा अंदाज येतो. आकडा खरा आहे का ते वजनावरून ताडता येतं. ७८ बाय ६० ची, ६ इंची, सगळी ४० डेन्सिटीची गादी साधारण १८ किलो भरली पाहिजे. १२-१३ किलो भरली तर आकडा नुसता सांगण्यापुरता आहे असं समज.

दुकानात गेलीस तर एक गोष्ट मुद्दाम बघ. तिथे गादी बहुतेक वेळा सपाट फळीवर मांडलेली असते. फळीवर जी गादी तुला बेताची वाटते, ती पट्ट्यांवर थोडी मऊ लागणार. म्हणून दोन गाद्यांमध्ये मन घुटमळलं तर त्यातली किंचित कडक घे. नुसतं बसून किंवा हाताने दाबून काही कळत नाही. चप्पल काढ, नेहमीसारखी कुशीवर पड, दहा-पंधरा मिनिटं तरी पड, आणि सागररावांनाही शेजारी पडू दे. लोक बघतील याचा संकोच करू नकोस. पुढची आठ-दहा वर्षं तुम्हाला त्यावर झोपायचं आहे.

उंचीचंही बघ. पट्ट्यांची वरची बाजू जमिनीपासून १३ इंचांवर आहे. ६ इंची गादी टाकली की १९ इंच होतात, काठावर बसल्यावर पाय नीट टेकतात. १० इंची गादी घेतलीस तर आरूला चढता येणार नाही, आणि आई आली की तिच्या गुडघ्यांना त्रास होईल.

गुंडाळून आलेली गादी उघडल्यावर एक-दोन दिवस तशीच पसरून ठेवू, खिडक्या उघड्या ठेवू, वास जाईल. ते मी बघतो. पट्ट्या आणि गादीच्या मध्ये आपलं पट्टणकोडोलीच्या यात्रेतलं घोंगडं अंथरीन, म्हणजे गादीचं कापड लाकडावर घासणार नाही आणि हवाही अडणार नाही. आरूसाठी वरून ओल न झिरपणारं कव्हर घे, पण प्लास्टिकसारखं कडकडणारं नको, कापडी अस्तराचं घे. आणि ही गादी कापसाच्या गादीसारखी गच्चीत उन्हात टाकायची नाही. कडक उन्हाने लॅटेक्स आणि फोम दोन्ही ठिसूळ होतात. खोलीतच उभी करून पंखा लावायचा. पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवायची.

ऑनलाइनच घ्यायची असेल तर हरकत नाही, पण पट्ट्यांचा पलंग आहे, गाळा पावणेतीन इंच आहे, चालेल का, हे त्यांना आधी लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. परत करायची मुदत किती आणि परत नेण्याचा खर्च कोणाचा, हेही त्यातच विचार.

चार पट्ट्यांसाठी सागररावांचा होकार तेवढा कळव. पलंग तुमचा आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय मी भोक पाडणार नाही. रविवारपर्यंत कळवलंस तर पुढच्या आठवड्यात काम करून टाकतो. डोक्याची बाजू खिडकीकडे हवी की दाराकडे तेही लिही, म्हणजे दुसरा पाय लावण्याआधी पलंग जागेवर नेऊन ठेवीन. आरूला गोड पापा.

तुझे,
बाबा