बाबांच्या मानधनाच्या अर्जाविषयी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, सरकारच्या ज्येष्ठ कलाकार मानधन योजनेच्या अर्जात कलेतलं योगदान विचारलंय तिथे काकांचं आणि आजोबांचं नाव लिहून मोकळे होऊ नका. दशावतारातली त्यांची राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, पण अर्ज तुमचा आहे. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, रिद्धी-सिद्धी, नंतर ब्रह्मदेव, मग आख्यानात दूत, प्रधान, सखी; एका रात्रीत तीन-चार सोंगं आणि प्रत्येकाची रंगरंगोटी आपल्याच हाताने, हे सगळं लिहा. राजा आत वेष बदलत असतो तेव्हा बाहेर दूताने खेळ धरून ठेवायचा असतो, हेही लिहाच. लिहिलेली संहिता नाही. पडद्यामागची चाहूल घेत बोलणं वाढवायचं, आणि राजा तयार झाला की पेटीवाल्याला पद उचलता येईल अशा जागी ते आणून सोडायचं. ते फसलं तर राजाची एंट्री पडते. माझ्या मते हे राजपार्टीइतकंच अवघड काम आहे.

योजनेला वय 50 च्या वर, कलेत किमान 15 वर्षं आणि वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत लागतं. 2024 पासून मानधन सरसकट महिना 5,000 आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळेल. अडतं ते 15 वर्षांच्या पुराव्यापाशी, कारण जाहिरातीत कंपनीचं आणि मोठ्या नटांचंच नाव असतं. म्हणून कंपनीच्या मालकांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठल्या भूमिका. 'अनेक वर्षे काम केले' असं मोघम पत्र उपयोगाचं नाही. जिथे दरवर्षी जत्रेला नाटक व्हायचं, त्या देवस्थानांचीही दोन-तीन पत्रं जोडा. जत्रा तिथीने आठवतात, सालाने नाही. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला ते 1981 आणि कोकण रेल्वे सुरू झाली ते 1998, यांच्या आधी की नंतर, असं आठवत चला.

आई, ट्रंकेतले काकांचे म्हणून जपलेले फोटो काढ. त्यात कडेला बाबा उभे आहेत. दमटपणाने एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नकोस, वरचा थर निघून येतो. काचेला चिकटलेल्या फोटोचा काचेवरूनच मोबाइलने फोटो काढून घे, उजेड बाजूने येऊ दे म्हणजे चकाकणार नाही. मागे हलक्या हाताने पेन्सिलने सोंग, गाव, साल लिही. पेनाची शाई पुढे उमटते.

कात्रणांत बाबांचं घरचं नाव छापलंय आणि आधारवर पूर्ण नाव आहे. दोन्ही एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घ्या, नाहीतर हाती असलेला पुरावाही मोजला जाणार नाही. पासबुकावरचं नाव आधारशी जुळतं का तेही बघा.

मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. पत्रं जमली की कळवा, अर्ज मी भरते.

तुमची लेक