घट्ट टोपी आणि उकळते पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घट्ट झालेली टोपी कडकडीत पाण्यात बुडवून हाताने चोळत ताणावी, असा घरगुती सल्ला नुकताच वाचला. सुती टोपीपुरता तो एक वेळ खपून जाईल. परंतु ग्वाल्हेरात थंडीच्या तोंडावर माळ्यावरच्या पेट्यांतून ज्या काळ्या टोप्या आणि वडीलधाऱ्यांच्या हॅट बाहेर निघतात, त्यांत लोकरीच्या फेल्टच्या, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, बऱ्याच असतात आणि त्यांना हा उपाय घातक ठरेल, म्हणून हे पत्र.

लोकरीच्या तंतूवर अतिशय बारीक खवले असतात. ओल, उष्णता आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड दाट होऊन आटते. फेल्ट तयार होते ते याच गुणामुळे, त्यामुळे तीच क्रिया घरी पुन्हा केल्यास टोपी सैल न होता आणखी लहान होण्याचीच शक्यता अधिक. वाफेचे तसे नाही. वाफेने तंतू तात्पुरता मऊ पडतो, त्या अवस्थेत दिलेला आकार धरतो आणि निवून कोरडा झाला की तो बऱ्याच अंशी टिकवतो.

मात्र वाफ देण्यापूर्वी डोके मोजावे, ही पायरी बहुतेक जण गाळतात. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागच्या फुगवट्यावरून फिरवावी व तो आकडा टोपीच्या आतल्या घेराशी ताडून पाहावा. हॅटचे दोन लगतचे आकार साधारणपणे एक सेंटिमीटर घेराच्या अंतराने असतात आणि घेरातील एक सेंटिमीटर म्हणजे व्यासात जेमतेम तीन मिलिमीटर, त्यामुळे दिसायला नगण्य वाटणारी वाढही कपाळावरचा वळ घालवायला पुरते. फरक एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर प्रयत्न करावा. दोन असेल तर टोपी मापाच्या माणसाला देऊन टाकावी, कारण तेवढे ताणले की शिवण उसवते किंवा काठ वेडावाकडा होतो.

हॅटच्या आत चामड्याची पट्टी असल्यास ती प्रथम बाहेर उलटून घ्यावी. चामडे वाफेने आखडते आणि कडक होते. आमच्याकडच्या मे महिन्यातील कोरड्या झळांत पेटीत पडून राहिलेल्या हॅट घट्ट होतात, त्यात या घाम प्यालेल्या पट्टीचाही वाटा असतो. तिला ओलसर फडक्याने पुसणे पुरे. मग किटलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर टोपीचा खालचा घेर आतून फिरवावा, फेल्ट मऊ लागताच दोन्ही हातांनी सावकाश ताणावे आणि मापाच्या कालबुतावर (टोपीच्या लाकडी साच्यावर), ते नसल्यास बेताच्या तपेलीवर, सावलीत रात्रभर ठेवावे. तपेली गोल असते आणि आपले डोके लांबट, एवढे ध्यानात ठेवून तपेली व टोपी यांच्यामध्ये पुढे आणि मागे फडक्याची घडी सरकवावी. बहुतेकांना टोपी कपाळावर आणि मागेच काचते, बाजूंना ती सैलच असते. हॅट ताणण्याचे स्क्रूचे लाकडी साधनही मिळते. त्याचा स्क्रू थोडा थोडा फिरवावा, एका बैठकीत काम उरकण्याची घाई करू नये.

सुती टोपी धुतल्यावर आटते. ओली असताना ताणली तर बसते, पण पुढच्या धुण्यात पुन्हा आटू शकते. त्यापेक्षा शिंप्याकडून मागची शिवण उसवून पट्टी घालून घेणे बरे. गवती हॅट कोरडी असताना मुळीच ताणू नये, काड्या मोडतात. लग्नात भाड्याने मिळणाऱ्या तयार फेट्यांना आत पुठ्ठ्याचा साचा असेल तर त्यांना ना वाफ चालते ना पाणी. नवरदेवाचे डोके दुखू लागले तर फेटा उतरवून ठेवावा; नुसत्या दाबामुळे दुखणारे डोके दाब गेला की सहसा थोड्या वेळात थांबते. (तयार फेटा भाड्याने आणण्यापेक्षा डोक्यावर बांधून घेतलेला फेटा केव्हाही चांगला, हे माझे जुने मत आहे.)

यातील कोणताही उपाय हेल्मेटवर मात्र करू नये. हे सांगणे भाग आहे, कारण घट्ट हेल्मेटच्या आतील थर्माकोलसारखा थर चमच्याने दाबून किंवा ब्लेडने तासून सैल करणारे तरुण मी पाहिले आहेत. धक्का बसताच चिरडून त्याचा जोर शोषून घेणे हेच त्या थराचे काम असते आणि आधीच दाबलेला थर ते काम पुरेसे करू शकत नाही. नव्या हेल्मेटचे गालांजवळचे मऊ अस्तर वापराने थोडे बसते; तरीही कपाळ दुखत असेल तर आयएसआय चिन्हाचे मोठ्या मापाचे हेल्मेट घ्यावे.

थंडी सुरू होण्यापूर्वी पुरवणीतील त्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर