जर्नलमधले तपकिरी कडे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वरुड तालुक्यातील एका खेड्यात मी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. गेल्या आठवड्यात माझी एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. ती आता बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला आहे. तिचे रसायनशास्त्राचे जर्नल मी चाळले, तर क्षारात नायट्रेट आहे का हे ओळखण्याच्या परीक्षणापुढे ‘तपकिरी कडे (वलय) दिसले’ असे वळणदार अक्षरात लिहिलेले होते आणि खाली शिक्षकांची सहीही होती. कडे नळीत नेमके कुठे दिसले, असे मी सहज विचारले, तेव्हा ती ओशाळली. ‘सर, ॲसिडची बाटली कपाटातून निघालीच नाही, आम्ही सगळ्यांनी मागच्या बॅचचं जर्नल उतरवलं,’ असे तिने सांगितले.

या परीक्षणासाठी फेरस सल्फेटचे द्रावण ताजे करून घ्यावे लागते, परीक्षानळी तिरपी धरून संहत गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) तिच्या कडेने अगदी सावकाश सोडावे लागते, आणि दोन द्रवांच्या सीमेवर उमटलेले ते कडे नळी हलवली की नाहीसे होते. हाताला ही सवय उतरवून काढलेल्या जर्नलातून लागत नाही.

मुलीला बोल लावण्यात अर्थ नाही. बारावीला प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात, परंतु नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगा शहरातल्या क्लासला, ही आता सर्रास चालणारी गोष्ट आहे. त्यामुळे ब्युरेट (द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडण्याची नळी) प्रथमच हाती धरणारी मुले थेट पदवीच्या वर्गात येऊन बसतात. तिथे शिकवणारे अनेकदा तासिका तत्त्वावर नेमलेले असतात, त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते आणि मानधन त्याहूनही उशिरा. त्यात भाषेची अडचण वेगळीच. दहावीपर्यंत ‘संयुजा’, ‘क्षपण’, ‘संप्लवन’ असे शिकलेल्या मुलाला व्हॅलन्सी, रिडक्शन, सब्लिमेशन म्हणजे तेच, एवढे सांगायलाही कुणाला वेळ नसतो, आणि आपल्याला काहीच येत नाही असे तो मनाशी धरून बसतो.

वास्तविक संत्र्याच्या बागेत वाढलेल्या या मुलांना अकार्बनी रसायनशास्त्र परके नाही. झाडांवर बुरशीनाशक म्हणून फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते, हे त्यांना पाठ असते. मिश्रणात घासलेला विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला म्हणून निवळी आणखी घालायची, हेही ती वडिलांकडून शिकलेली असतात. लोह तांब्याला द्रावणातून बाहेर काढते, लोहाचा प्रमाण विद्युतविभव −०.४४ व्होल्ट आणि तांब्याचा +०.३४ व्होल्ट असतो, ज्याचा कमी तो धातू दुसऱ्याला बाहेर काढतो, हा वर्गातला धडा त्या विळ्यावरच लिहिलेला आहे. कार्बनी शाखेचेही तसेच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने १८२८ साली अमोनियम सायनेटपासून जो युरिया तयार केला, त्याच युरियाची ४५ किलोची गोणी प्रत्येकाच्या गोठ्यात असते. मूठभर बादलीत टाकला की पाणी गार पडते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते. अध्यापकांनी सुरुवात इथून केली, तर निम्मी भीती जाईल असे माझे प्रांजळ मत आहे.

विद्यापीठाकडे मागणी एवढीच की, प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी जर्नलच्या पानांपेक्षा, समोर ठेवलेल्या क्षारातील एक आयन (विद्युतभारित घटक) विद्यार्थ्याकडून स्वतःच्या हाताने ओळखून घ्यावा आणि त्यावरच बहुतांश गुण द्यावेत. महाविद्यालयाची तपासणी करणाऱ्या समितीनेही रसायनांच्या साठा नोंदवहीत सत्रभर किती गंधकाम्ल खर्ची पडले, ते एकदा पाहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. वरुड, जि. अमरावती