फिरत्या सुताराचा बाक

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

श्रावण सरत आला की आमच्या वेंगुर्ले परिसरात सुतार मिळणे कठीण होते. दोन महिन्यांच्या पावसाने फुगलेली दारे चौकटीत अडकू लागतात, खिडक्यांच्या कड्या जागेवर बसत नाहीत, गणपतीवर टांगायच्या माटवीची एखादी पट्टी वाळवीने पोखरलेली निघते, आणि हे सारे चवथीआधी व्हावे अशी प्रत्येक घराची इच्छा असते. सुतार पिशवी खांद्यावर टाकून घरोघर फिरतो आणि जिथे जागा मिळेल तिथे, ओसरीवर किंवा खळ्यात, जमिनीवर बसून काम करतो. दार भिंतीला टेकवायचे, एका पायाने दाबून धरायचे आणि दुसरा गुडघा जमिनीला लावून रंधा मारायचा, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे.

या पद्धतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. हातरंधा आणि पटाशी यांच्यासाठी पायाची पकड फार उपयोगाची आहे. अंगठा आणि तळवा यांत लाकूड धरण्याचे ते कसब पाहत राहावे असे असते. परंतु गेल्या काही वर्षांत पिशवीत विजेचा रंधा आणि गोल पात्याची करवत आली, बसण्याची पद्धत मात्र तीच राहिली. मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर चालवणे हे कसब नव्हे, तो धोका आहे. फिरत्या सुताराजवळ फिरता बाक, म्हणजे लाकूड ठेवून काम करण्याचा आणि सोबत नेता येणारा बाक, असला पाहिजे, एवढ्याच मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी शाळेत हस्तकला शिकवत असे. निवृत्तीनंतर नातेवाइकांच्या जुन्या घरांची डागडुजी करण्याच्या निमित्ताने कधी चिपळूण, कधी पेण असा प्रवास घडतो, आणि हत्यारांबरोबर बाकही नेता यावा म्हणून मी आजवर दोन बाक बांधले. पहिला फसला, दुसरा गेली चार वर्षे वापरात आहे.

अशा बाकाची खरी अडचण घडी घालण्याची नाही, वजनाची आहे. रंधा जोराने पुढे ढकलला की हलका बाक त्याच्याबरोबर पुढे सरकतो किंवा डुलू लागतो. म्हणूनच कारखान्यातला बाक मुद्दाम जड बांधलेला असतो. प्रवासात नेमके ते वजनच परवडत नाही. या पेचाचे उत्तर मला आमच्या स्वयंपाकघरात सापडले. नारळ खवायच्या विळीचा पाट फार तर दीड-दोन किलोचा असतो, तरी ती जागची हलत नाही, कारण खवणारी व्यक्ती स्वतः तिच्यावर बसलेली असते. प्रवासी बाकालाही स्वतःचे वजन लागत नाही. त्याला वजन उसने घेता आले म्हणजे झाले. रोमन काळातील सुतार बसून काम करण्याजोगे बुटके बाक वापरत, आणि जर्मनीतील सालबुर्ग येथील रोमन किल्ल्यात तसे बाक सापडलेलेही आहेत. अलीकडच्या काळात रॉन हिकमन नावाच्या मोटारींच्या रचनाकाराने, खुर्चीवर लाकूड ठेवून कापताना चुकून ती खुर्चीच कापली गेल्यावर, घडीचा बाक तयार केला. पुढे ‘वर्कमेट’ या नावाने तो जगभर खपला. त्याच्या तळाशीही पाय ठेवण्यासाठी एक पट्टी असते, म्हणजे तिथेही उसने वजन माणसाचेच.

आता माझ्या पहिल्या बाकाची फजिती. त्याचे चारही पाय मी वरच्या फळीत कुसू (भोकात बसण्यासाठी कोरून काढलेले पायाचे टोक) बसवून घट्ट ठोकले होते. वैशाखात ते हाताने निघत, बसत. मी स्वतःवर खूश होतो. आषाढात पेणला पोहोचल्यावर बाक जोडला, काम झाले, आणि परतीच्या दिवशी एकही पाय बाहेर येईना. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, मात्र आडव्या दिशेने ते हवेतला ओलावा घेऊन फुगते, आणि कुसू व फळी एकाच वेळी फुगल्यामुळे सांधा आवळला गेला होता. मोगरीने ठोकताना एक पाय मुळातून फाटला. हस्तकलेच्या शिक्षकाने ही गोष्ट विसरावी याची लाज वाटली, परंतु कोकणात सुट्या सांध्यांचे काम करताना वर्षातले चार महिने डोळ्यांपुढे ठेवावे लागतात हा धडा कायमचा मिळाला.

दुसऱ्या बाकात मी ठोकून बसवायचा सांधा एकही ठेवला नाही. वरची फळी ९५ सेंटिमीटर लांब, २४ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड आहे. ती एका मोडकळीस आलेल्या घराच्या सागवानी चौकटीतून निघाली. जुन्या सागाचा फायदा असा की त्याला जे काही वेडेवाकडे व्हायचे असते ते केव्हाच होऊन गेलेले असते. पायांच्या दोन चौकटी शिवणीच्या लाकडाच्या आहेत, कारण शिवण हलकी असते आणि फार पिळवटत नाही. दोन्ही चौकटींना खाली जोडणारी एक पाटी आहे. तिची टोके चौकटींच्या आडव्या पट्ट्यांतून आरपार बाहेर येतात आणि तिथे पाचर मारली की सगळे आवळले जाते. टोके आणि भोके यांच्यात मी दीड-दोन मिलिमीटर सैलपणा मुद्दाम ठेवला आहे. उन्हाळ्यात पाचर खोल जाते, पावसाळ्यात थोडी वर राहते आणि हाताच्या एका टोल्याने सुटते. वरची फळी चौकटींवरच्या चार खुंट्यांवर नुसती बसते. खुंट्यांसाठी फळीला पाडलेली भोके रुंदीच्या दिशेने लांबट आहेत, कारण ही फळी वैशाख आणि श्रावण यांमध्ये रुंदीत दोन-तीन मिलिमीटर वाढते, हे मी स्वतः मोजले आहे. सारे मिळून वजन साडेदहा किलो भरते आणि उंची ५० सेंटिमीटर आहे. एवढ्या उंचीच्या बाकावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसता येते, म्हणजे माझे पासष्ट किलो बाकाच्या कामी येतात, आणि करवत चालवायची असेल तेव्हा त्याच फळीवर गुडघा टेकता येतो.

बसून काम करायचे नसेल तेव्हा वजन कोठून आणायचे? याचे उत्तर आपल्याकडे प्रत्येक घराच्या मागे रचलेले असते. जांभ्याचा एक पुरा चिरा साधारण तीस किलोच्या घरात जातो. पायांमधल्या पाटीवर गोणपाट टाकून दोन चिरे ठेवले की साडेदहा किलोचा बाक सत्तर किलोचा होतो, आणि निघताना चिरे यजमानांच्या गडग्यावर परत जातात. लांब फळी रंधायची असेल तर मी पाय जोडतच नाही. नुसती वरची फळी जोत्यावर आडवी टाकायची, तिचे टोक ओसरीच्या खांबाला टेकवायचे आणि खळ्यात उभे राहून रंधा मारायचा. रंध्याचा सगळा रेटा खांबावर जातो, आणि ज्या खांबाने शंभर वर्षे छप्पर पेलले त्याला त्याचे काहीच वाटत नाही.

लाकूड धरून ठेवण्यासाठी लोखंडी शिकंजा नेण्याचा मोह मी टाळला. एकटा शिकंजाच निम्म्या बाकाएवढा जड होतो, आणि खाऱ्या हवेत त्याचे आटे एका पावसाळ्यात गंजून बसतात. त्याऐवजी फळीला पाऊण इंची आठ भोके पाडली आहेत. एका टोकाच्या भोकांत दोन खुंट्या घातल्या की रंधताना लाकूड पुढे निसटत नाही, आणि बाजूने अडवायचे असेल तर आणखी दोन खुंट्या आणि एक पाचर पुरते. दार किंवा चौकटीची पट्टी वरून दाबून धरायची असेल तेव्हा माझे सर्वांत आवडते साधन कामी येते, ते म्हणजे सुंभ. काथ्याच्या दोरीचा फास लाकडावरून घ्यायचा, दोन भोकांतून खाली सोडायचा आणि त्यात पाऊल अडकवून दाब द्यायचा. पाऊल उचलले की लाकूड मोकळे, दाबले की पक्के. स्क्रू फिरवण्याचा खोळंबा नाही. पायाने लाकूड धरण्याची आपली सवयही त्यामुळे टिकते, फक्त पाय पात्यापासून दोन हात दूर जातो. सुंभाऐवजी नायलॉनची दोरी वापरून पाहिली, पण ती गुळगुळीत लाकडावरून सरकते. काथ्याचा खरखरीतपणा इथे गुण ठरतो.

ज्यांना जुना साग मिळत नाही त्यांनी वरच्या फळीसाठी फणस वापरायला हरकत नाही. प्लायवूडच वापरायचे असेल तर ते ‘आय.एस. ७१०’ या मानकाचे, ज्याला दुकानदार मरीन प्लाय म्हणतात ते घ्यावे. घरातल्या कपाटांसाठीचा साधा प्लाय आमच्या हवेत कडेपासून उकलू लागतो. बोल्ट वापरायचेच असतील तर पितळी किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पोलादाचे असावेत.

प्रवासाबद्दल थोडेसे. रेल्वेच्या नियमांनुसार डब्यात सोबत नेण्याच्या पेटीचे माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंत चालते, आणि शयनयान वर्गात ४० किलो, तर द्वितीय वर्गात ३५ किलो सामान मोफत नेता येते. माझ्या बाकाची मोळी ९५ × ३८ × १६ सेंटिमीटरची होते. ती बाकाखाली सरकवता येते (इथे बाक म्हणजे रेल्वेचा), आणि हत्यारांची पेटी धरूनही एकूण वजन पंचवीस किलोच्या आत राहते. फळीची लांबी ९५ ठेवण्याचे कारण हेच आहे. नाहीतर मला १२० आवडली असती. एसटीच्या गर्दीत मात्र ही मोळी घेऊन चढणे जिकिरीचे होते, हे मान्य केले पाहिजे. दुचाकीवर ती मागच्या बैठकीला आडवी न बांधता उभी बांधावी.

आता सार्वजनिक मुद्द्याकडे येतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहेत आणि होड्या बांधणारेही आहेत, ज्यांचे काम तर घरापासून दूर, पुळणीवरच चालते. साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते आणि प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन असते. माझी सूचना अशी की किनारपट्टीवरील जिल्ह्यांत या प्रशिक्षणातील दोन दिवस प्रत्येक सुताराने स्वतःचा फिरता बाक बांधण्यासाठी द्यावेत आणि तो घरी न्यावा. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. जुने लाकूड वापरल्यामुळे माझा खर्च पितळी स्क्रू, तेल आणि सुंभ धरून हजार रुपयांच्या आत भागला. नवे लाकूड विकत घेतले तर तो अर्थातच बराच वाढेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या विद्यार्थ्यांनाही सराव म्हणून हे काम देता येईल, कारण कुसू, पाचर, आरपार भोक, रंधून सपाट केलेली फळी असे शिकण्याजोगे बहुतेक सर्व त्यात येते. विजेची यंत्रे देताना ती कशावर ठेवून चालवायची याचाही विचार साधनसंच ठरवणाऱ्यांनी करावा, अशी विनंती आहे.

आमच्या वाडीतील सुतार वयाने माझ्याहून मोठे आहेत आणि जन्मभर त्यांनी जमिनीवर बसूनच काम केले. गेल्या चवथीआधी त्यांनी माझा बाक दोन दिवसांसाठी नेला आणि आठ दिवसांनी परत आणला, तेव्हा सोबत त्यांनी स्वतः बांधलेला दुसरा होता. त्याची उंची माझ्या बाकापेक्षा चार बोटे कमी आहे, खुंट्या सुरूच्या लाकडाच्या आहेत, आणि पाटीला त्यांनी चिरे घसरू नयेत म्हणून दोन्ही कडांना पट्ट्या मारल्या आहेत, जे मला चार वर्षांत सुचले नव्हते. तशा पट्ट्या मी आता माझ्या बाकालाही मारून घेतल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त हस्तकला शिक्षक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग