तुटलेल्या बोल्टला इझी-आउट लावण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या रॅली, चकाकणारे बंपर, मालकांच्या मुलाखती हे सगळं वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत हौसेने छापलं जातं आणि आम्हीही ते आवडीने वाचतो. पण त्या गाड्या पुन्हा चालत्या करताना गॅरेजात नेमकं काय अडतं, यावर फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र एका छोट्याच विषयावर लिहीत आहोत. जुन्या इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, कायमचं खराब होतं त्यामागे अनेकदा एकच कारण असतं: गंजून तुटलेला बोल्ट किंवा स्टड (बिनडोक्याचा, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) घाईने काढण्याचा प्रयत्न.

उदाहरण प्रीमियर पद्मिनीचंच घेऊ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, पण खासगी पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० आजही अनेक घरांत जपलेल्या आहेत. १०८९ सीसीच्या या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळाचे, पोलादी स्टड त्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवलेले असतात. दोन वेगळे धातू, रोजची तापणं-निवणं आणि वर दमट हवा. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत तर स्टडभोवती पांढरी भुकटी जमते आणि आटे सिमेंट ओतल्यासारखे धरून बसतात. त्यात पोलाद गंजलं की मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतं, म्हणजे पकड आतून आणखी आवळते. मॅनिफोल्ड उतरवायला पाना लावला की नट सुटत नाही, स्टडच तुटतो.

आता इथे बहुतेकांचा हात इझी-आउटकडे, म्हणजे तुटलेल्या बोल्टला भोक पाडून त्यात उलटा पिळत घालायच्या निमुळत्या दांड्याकडे, जातो, आणि आमचा आक्षेप नेमका त्यालाच आहे. आठ मिलिमीटरच्या स्टडचा आट्यांच्या मुळाशी व्यास सुमारे साडेसहा मिलिमीटर असतो. पिळाचा जोर सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. चार मिलिमीटरच्या भोकात बसणाऱ्या इझी-आउटला त्या हिशेबाने जेमतेम पाव ताकद उरते. तो कडक पोलादाचा असतो हे खरं, पण कडक म्हणजेच ठिसूळ. जो पीळ सहन न होऊन अख्खा स्टड तुटला, तोच पीळ हा बारीक दांडा देणार कसा? शिवाय तो निमुळता असल्यामुळे आत शिरताना पोकळ स्टडची भिंत बाहेर दाबतो आणि आटे जास्तच घट्ट करतो. तो आत तुटला की साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. मग उरतं कार्बाइडचं ड्रिल, किंवा हेड उतरवून डाय-मोल्डच्या कारखान्यातल्या स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) मशीनवर नेणं. इझी-आउटचा उपयोग आहे, पण तो जास्त आवळल्यामुळे किंवा धक्क्याने तुटलेल्या, आट्यांत न गंजलेल्या बोल्टसाठी. असा बोल्ट पुष्कळदा अणकुचीदार पंचाने कडेला हलक्या टिचक्या मारूनही फिरतो.

गंजलेल्या स्टडला पहिलं औषध वेळ. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घेऊन, दर वेळी हलवून, दिवसातून दोनदा थेंब सोडायचे आणि हातोडीने स्टडच्या तोंडावर हलके ठोके द्यायचे. दोन-तीन दिवस तरी हे करावं. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मिश्रण रंगावर सांडू देऊ नये. आणि ते पुसून पूर्ण उडून गेल्याशिवाय जवळ ज्योत नेऊ नये.

दुसरं औषध उष्णता, आणि इथे धातू पाहून वागावं लागतं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून हेडचा स्टडभोवतीचा भाग गरम करायचा, स्टड नाही. पाण्याचा थेंब टाकताच चर्रकन उडून जावा इतपत तापमान पुरतं. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, हे कधीही विसरू नये. रंगाची वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत हेडचा कोपरा ओघळून जातो. ॲम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनचं हेड बिडाचं असतं. तिथे उलट करायचं: स्टडच लालसर करायचा आणि आपोआप निवू द्यायचा. तापताना तो फुगू पाहतो, भोवतालचं बीड त्याला दाबून धरतं, आणि निवल्यावर तो आकसून गंजाची पकड तोडतो. पाणी ओतून मात्र निववू नये, बिडाला तडा जातो. दोन्ही प्रकारांत गरम असतानाच सांध्यावर मेणबत्ती टेकवली, तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. जुन्या मिस्त्रींची ही युक्ती महागड्या स्प्रेइतकीच कामाची आहे.

एवढं झालं की नट वेल्ड करायचा. आमच्या मते गंजलेल्या स्टडसाठी यापेक्षा भरवशाचा उपाय नाही. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात, कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोलची नळी बंद करावी. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने जागा पुसली असेल तर वेल्डिंग करूच नये, त्याचा धूर जीवघेणा विषारी असतो. नटही जस्ताचा मुलामा नसलेला, काळा घ्यावा. स्टड दोन-तीन मिलिमीटर वर असेल तर त्यावर सरळ नट ठेवून आतून वेल्ड भरावं. पृष्ठभागाच्या पातळीतच तुटला असेल तर मिग वेल्डिंगने त्याच्या तोंडावर ठिपका-ठिपका करत उंची वाढवावी. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, ही इथे मोठी सोय आहे. मग त्यावर दोन मिलिमीटर जाडीचा वॉशर, आणि वॉशरवर दहाचा नट. लाली जाईपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, हात लावू नये. त्यानंतर पाना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, पाव फेरीपेक्षा जास्त नाही. पुढे-मागे, पुढे-मागे. कर्रकर्र आवाज आला की तेल सोडावं. वेल्ड तुटलं तर निराश होऊ नये, पुन्हा नट लावावा. चार-पाच नट खर्च होणं नेहमीचं आहे, आणि दर वेळी स्टडला आणखी एक उष्णतेचा झटका मिळतो, तो वाया जात नाही.

तरीही हलला नाही तरच ड्रिल. चूक होते ती मध्य चुकवण्यात. तुटलेलं तोंड तिरकं असतं आणि भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ, म्हणून ड्रिल आपणहून ॲल्युमिनियमकडे पळतं. तोंड कानशीने सपाट करावं. शेजारचे दोन स्टड शाबूत असतील तर दहा मिलिमीटर जाडीची पट्टी त्यांना आवळून, तुटलेल्या स्टडच्या बरोबर वर ३.२ मिलिमीटरच्या भोकाचा बुश (ड्रिलला सरळ धरणारी नळी) बसवावा. लेथवर हा बुश अर्ध्या तासात होतो आणि हेड वाचवतो. आत किती जायचं ते शाबूत स्टडच्या लांबीवरून ठरवून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करावी, कारण पलीकडे पाण्याचं जाकीट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी) असू शकतं. मग ३.२, नंतर ५, शेवटी ६.५. ड्रिल डाव्या पिळाचं, म्हणजे सोडण्याच्या दिशेने फिरून कापणारं, मिळालं तर उत्तम, मधेच स्टड स्वतः फिरून बाहेर येतो. साडेसहावर थांबावं. उरलेली पातळ सालपट बारीक छिन्नीने आत मुडपून स्प्रिंगसारखी ओढून काढता येते. त्यानंतर टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा, तो फक्त आटे साफ करण्यासाठी.

टॅप कोणता, हे विचारल्याशिवाय मारू नये. फियाटच्या घराण्यात मेट्रिक आटे आहेत, आठ मिलिमीटरला १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर). मॉरिसच्या घराण्यातल्या ॲम्बॅसडरमध्ये आणि विलीजच्या जीपमध्ये इंची आटे आहेत. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठचा बोल्ट तिथे दोन फेरे आनंदाने जातो आणि मग आटे कापत सुटतो. शंभर-दोनशे रुपयांचा पिच गेज ही चूक टाळतो. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी: आठसाठी ८.३ चं भोक, हेलिकॉइलचाच खास टॅप, आणि कॉइलचा वरचा वेढा पृष्ठभागाच्या अर्धा फेरा खाली.

२०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यात गाडी मूळ स्वरूपात असण्याची आणि इंजिनात मोठे फेरबदल नसण्याची अट आहे. त्यामुळे मूळ हेड जपणं आता हौसेपुरतं उरलेलं नाही. मालकांना आमची विनंती आहे की, मिस्त्री ‘स्टडला तीन दिवस द्या’ म्हणाला तर त्याला तीन दिवस द्यावेत, आणि त्या दिवसांची मजुरीही द्यावी. आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा अशा एखाद्या कामाला जागा मिळाली, तर गॅरेजात नव्याने शिकणाऱ्या मुलांना त्याचा थेट उपयोग होईल.

राहिलं नवीन स्टडचं. तो हाताने फिरवत शेवटपर्यंत जायला हवा. जोर लागला तर आटे पुन्हा साफ करावेत. आट्यांना तांब्याचं ग्रीस, वर पितळी नट. ग्रीसमुळे तोच टॉर्क (आवळण्याचा पीळ) जास्त ताण देतो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यापेक्षा वीसेक टक्के कमी आवळावं. नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यांत. इंजिन दोन-तीनदा पूर्ण तापून निवल्यावर, थंड असतानाच, नट एकदा पुन्हा तपासावेत.

आपले,
जुन्या गाड्यांची कामं करणारे काही वाचक, पुणे